दादांचा हातचा सेट

गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा सुमेध पुण्याहून लातूरला आला तो मांडीवर एक खोकं घेऊन. "गाडी मी चालवली आई, आणि हे बाळंतिणीसारखे मागं बसून आले," असं माझी सून प्रज्ञा उंबऱ्यातच सांगून मोकळी झाली. मला वाटलं, नातवंडाचं काही खेळणं असेल. खोक्यातून निघाला अ‍ॅम्प्लिफायर. खाली शिसवी लाकडाची बैठक, वर काचेचे चार व्हॉल्व्ह, आणि सगळं असं घासूनपुसून ठेवलेलं की हात लावायची भीती वाटावी. पुण्यात कुणी एक गृहस्थ घरीच बसून महिन्याला एक बनवतो म्हणे, आणि त्यासाठी माणसं वर्ष वर्ष थांबतात. सुमेधनं किंमत सांगितली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या काळी तेवढ्यात रेणापूरच्या शिवारात दोन एकर जमीन आली असती आणि वर बैलजोडी. "आई, अख्खा हातानं बनवलाय," तो देवघरात बोलावं तशा आवाजात म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, हातानं नाही तर काय पायानं बनवणार?"

मग त्यानं तो लावला. आधी व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, आणि गाण्याच्या आधी आलं ते घूं. एकसारखं, खालच्या पट्टीतलं, घागरीत भुंगा अडकल्यासारखं. सुमेधचं तोंड एवढंसं झालं. पुण्याला हे नव्हतं, म्हणाला. प्रज्ञा लगेच म्हणाली, "दहा दिवसांत परत घेतात. आज तिसरा आहे." या पैशांत तिला जुनी गाडी बदलायची होती, हे मला आधीच कळलेलं होतं. दोघंही माझ्याकडं बघायला लागले, कारण मी आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवता शिकवताच म्हातारी झाले. मी उठले, पदर खोचला आणि म्हटलं, "बादलीभर पाणी आण, आणि मूठभर मीठ." त्यांना वाटलं, आईची दृष्ट काढायची तयारी चाललीय. पण ते घूं मी चाळीस वर्षांनी ऐकत होते, आणि त्याचं औषध मला आमच्या मायनं शिकवलेलं होतं.

लातूरचा जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या दोन खोल्या होत्या. पुढचीला दुकान म्हणायचे आणि मागचीला घर, पण दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे मायलाही सांगता आलं नसतं. भाकरीच्या टोपल्याशेजारी रेडिओचा सांगाडा, मिठाच्या बरणीशेजारी राळेची डबी. दादा, म्हणजे माझे वडील, तारांना डाख द्यायला बसले की राळेचा धूर थेट चुलीपर्यंत जायचा आणि अंबाडीच्या भाजीलाही तो वास लागायचा. मला अजून राळेचा वास आला की भूक लागते. आत एखादा रेडिओ कुरकुरत असायचा, बाहेर दुसरा शिट्टी मारायचा, आणि या दोघांच्या वरच्या आवाजात माय बोलायची. दादा म्हणायचे, "आमच्या घरातला सगळ्यात दमदार भोंगा चुलीम्होरं बसलेला हाय." ती उलथनं दाखवायची.

दादा हे काम नांदेडला शिकले. आजोबा मजुरीला घेऊन गेले होते, तिथं रहीम उस्ताद म्हणून एक म्हातारे रेडिओवाले होते, त्यांच्या दुकानात दादा झाडलोट करायला लागले ते सात वर्षांनी सेट बनवूनच बाहेर पडले. लग्नात, जत्रेत, सभेत भोंगा ज्यावर वाजतो तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला आमच्याकडं नुसतं 'सेट' म्हणायचे आणि व्हॉल्व्हला 'वॉल'. दादा पत्रा कापण्यापासून सगळं हातानं करायचे. वॉल मात्र नांदेडहूनच आणायचे, उस्तादांकडून. अहमदपूरमार्गे एस.टी.नं जायचं आणि येताना वॉल धोतराच्या पानात गुंडाळून छातीशी धरून बसायचं. उस्ताद म्हणायचे, "बेटा, आवाज तौल के नै मिलता. जो बनाया उसका हात सुनाई देता." दादांनी ते वाक्य एवढ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की माय ते त्यांच्या आधीच म्हणून टाकायची.

आमच्या सेटचा जीव ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. दादांचे डोळे चाळिशीतच अधू झाले, म्हणून वेढे घालायचं काम पंधराव्या वर्षापासून माझ्याकडं आलं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची आणि तोंडानं मोजायचं. मोजणी चुकली की सगळं उकलून पहिल्यापासून. त्यामुळं आमच्या घरात एक कायदा होता: वेढे घालणाऱ्याला कुणी काही विचारलं तर त्यानं पुढचा आकडाच म्हणायचा, फक्त सूर बदलायचा. माय विचारायची, "यशे, मीठ कुठं ठिवलंस गं?" मी मानेनं फळी दाखवत म्हणायची, "चारशे बारा." शेजारीण डोकावली की, "चारशे तेरा?" म्हणजे या, बसा. आणि धाकट्या भावानं तारेला हात लावला की "चारशे चौदा!" असं ओरडायचं की तो थेट रस्त्यावर. शेवटचा वेढा झाला की मी म्हणायची, "भरलं!" आणि सगळं घर सुटकेचा श्वास टाकायचं. मग तो ट्रान्सफॉर्मर मेणात उकळायचा. त्यासाठी एक भगुनं वेगळं ठेवलेलं होतं, पण एकदा मावशीनं नकळत त्यात वरण शिजवलं. मामा जेवायला होता. "आक्का, वरणाला साय मस्त आलीय," म्हणाला आणि दोनदा मागून घेतलं. कुणी काही बोललं नाही.

आणि दादांचा अंगठा. उजव्या पायाचा. सेट पुरा झाला, भोंगा जोडला, की दादा डोळे मिटून मांडी घालून बसायचे. आवाज मनासारखा नसला तर ते कितीही मान डोलवोत, अंगठा गप. पण आवाज जमला की अंगठा आपोआप हलायला लागायचा, ताल असो नसो. त्यांना स्वतःला ते ठाऊकच नव्हतं. मला मायनं दाखवलं. "त्यांच्या तोंडाकडं बघू नगंस," ती म्हणाली, "तोंड गिऱ्हाइकासाठी हाय. अंगठा खोटं बोलत न्हाई." तेव्हापासून सेट तपासताना आम्ही मायलेकी त्यांच्या पायाकडंच बघायचो.

हातच्या सेटची किंमत बाजारच्या तयार सेटच्या दुप्पट. आता मी मास्तरकी केलेली बाई, खरं सांगायला माझं काय जातं? त्या दुप्पट किमतीत निम्मा दादांचा हेका होता. समोरच्या पट्टीवर ते स्वतः निळा रंग द्यायचे, दोन हात वाळले की तिसरा. एक लाल बल्ब बसवायचे, त्याचा उपयोग काय, असं विचारलं तर म्हणायचे, "डोळा नको का त्याला?" पुढं आयटीआयमध्ये मशीनवर मी दोन्ही तऱ्हेचे सेट मोजून बघितले. बाजारचा काही वाईट नव्हता. आमच्यात बारीक आवाज खुलतो म्हणावं तर खुलतो, पण जत्रेत भोंग्यातून तो कुणाला कळणार? दादांचं खरं म्हणणं वेगळंच होतं. "हा बिघडला तर मी हाय. तो बिघडला तर कोन हाय?" ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. निलंग्यापर्यंतचे लोक आपला सेट सायकलवर बांधून आणायचे आणि दादा झाकण न उघडताच सांगायचे, की कोणत्या डाखेत दोष आहे.

त्या सालात पाऊस रुसला. आदल्या साली थोडा तरी पडला होता, त्या साली नुसती ढगं येऊन गेली. लग्नं पुढं ढकलली गेली, जत्रा साध्या झाल्या, आणि भोंगा लागतो कशाला? वस्तीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, तेव्हा घागरी रांगेत लागायच्या आणि बायांची भांडणं कोणत्याही भोंग्याशिवाय स्टेशनपर्यंत ऐकू जायची. आमच्या वाट्याला तीन घागरी: एक धुण्याभांड्याची, एक सैपाकाची, आणि कोपऱ्यात पाटावर झाकून ठेवलेली एक पिण्याची. त्या तिसरीला मायशिवाय कुणी हात लावायचा नाही. तांब्या बुडवताना ती अशी बघायची की अर्ध्या तांब्यातच तहान भागायची. दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि दादा मात्र रोज सकाळी आधीच निळ्या असलेल्या पट्टीला रंग देत बसायचे.

एकीकडं पाणी नाही आणि दुसरीकडं जिल्हा नवा. रोज कुठंतरी नव्या कचेरीची पाटी लागायची, टेबलं-कपाटं उतरायची, माणसं घेणं चालायचं. माझा मामा, मायचा धाकटा भाऊ, अशाच एका कचेरीत कारकून झाला होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला आता दोन पेनं होती. त्यानं दादांसाठी वायरमनची जागा हेरून ठेवली. "दाजी, सरकारी हाय. पगार हाय, पेन्शन हाय. पाऊस पडो न पडो, एक तारीख पडतीच." मायला ते अगदी पटलं. ती रोज काही ना काही बोलायची. "आवं, सेटात काय पानी शिजवू का?" दादा म्हणायचे, "मी वॉलवाला हाय, वायरमन न्हाई." मी दादांच्या बाजूची. कारण जयंतीसाठी वस्तीची कमिटी विहाराचा स्वतःचा सेट घेणार होती, आणि दादांनी मला शब्द दिला होता, की हे काम मिळालं तर दुकानाच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव रंगवायचं. त्या सेटचे सगळे वेढे माझे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न उकलता.

कमिटीत वाद झाला. दुष्काळात दुप्पट किंमत कशापायी, असं काही जण म्हणाले, आणि त्यांचं काय चुकलं? मामानं तोड काढली. दोन्ही सेट सतरंजीच्या आड ठेवायचे, भोंगा एकच, माईक एकच. वस्तीत गाणी म्हणणाऱ्या शेवंताआत्यानं एकच कडवं दोनदा म्हणायचं. मामा आड बसून एकदा या सेटवर, एकदा त्या सेटवर लावणार. चार जाणती माणसं ऐकून सांगतील, पहिला चांगला का दुसरा. जो जिंकेल तो घ्यायचा. "आन् दोन-दोन झाले तर?" कुणीतरी विचारलं. दादा ताडकन म्हणाले, "तर माझं मत धरा. झोपेतबी वळखीन मी माझा सेट!" मायनं तिथंच धरलं त्यांना. "आन् हारला तर?" सगळी कमिटी बघत होती. दादा म्हणाले, "हारला तर सोमवारी अर्ज लिहितो. पन जिंकला तर पुन्यांदा नोकरीचं नाव काढायचं न्हाई." माय म्हणाली, "ठरलं." मामानं एक पेन काढून परत खिशाला लावलं.

रविवारी सकाळी विहारापुढच्या लिंबाखाली वस्ती जमली. मायनं त्या दिवशी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, आणि दादांनी घास घेतला न घेतला. सतरंजी बांधली, भोंगा वर चढवला, आणि दादांनी आपला सेट लावला. लाल डोळा लागला. आणि भोंग्यातून आलं घूं. असं घूं, की लिंबावरचे कावळे उठले. पोरं लगेच तोंडानं तसंच करायला लागली. बाजारच्या सेटलाही बारीक घूं होतं, पण त्याचं कातडं जाड. आमचा सेट हळवा, त्याला जमिनीतला अर्थ, म्हणजे अर्थिंग, नीट मिळालं नाही की तो रडणार. दादांनी लोखंडी कांब जमिनीत ठोकली होती, तार बांधली होती, सगळं बरोबर होतं. नेहमी त्या कांबेच्या बुडाशी आम्ही मीठ टाकून बादलीभर पाणी ओतायचो. ओली माती झाली की घूं गप. पण ती जमीन त्या साली तव्यासारखी कोरडी. कांब नुसती उभी होती, मातीनं तिला धरलंच नव्हतं.

पाणी मागायचं कुणाला? टँकरचा दिवस उद्या. प्रत्येकाच्या घरी तळ गाठलेल्या घागरी. दादांनी कांब इकडं ठोकली, तिकडं ठोकली, माईकची तार आखूड केली, मला वॉल हलवून बघायला लावले. घाम कपाळावरून थेट निळ्या पट्टीवर पडायला लागला. तीच ओल घूंला पुरली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटून गेलं. लोक हसत होते, आधी मायेनं, मग जरा जास्तच. बाजारच्या सेटचा दुकानदार घड्याळ बघायला लागला. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "असू दे आता, कबूल करा, म्हणजे घरी जाऊ." दादा कांब हातात धरून तिथंच उकिडवे बसले. मला रडू आलं. माझे वेढे, माझी पाटी, सगळं त्या कोरड्या मातीत चाललं होतं, आणि दादांचं तोंड बघवत नव्हतं.

तेवढ्यात बाया बाजूला झाल्या. माय येत होती. डोक्यावर घागर, कोपऱ्यातली, पाटावरची. दादांना म्हणाली, "सरका." कनवटीची मिठाची पुडी सोडली, कांबेच्या बुडाशी टाकली आणि घागर कलती केली. पाण्याचा आवाज झाला तशी पोरं घूं करायची थांबली. धार सावकाश, वाया न घालवता, कांबेच्या चौफेर. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं घागर सरळ केली नाही. मी म्हटलं, "माय, प्यायचं पानी..." ती दादांकडं बघत म्हणाली, "हारायचं तर आवाजानं हारा. पान्यावाचून न्हाई. लोकांत फजिती नगं." भोंग्यातलं घूं बारीक होत होत गेलं. जमिनीनं पाणी प्यालं, आणि सेट गप झाला. अशी माणसं असतात आणि ती आपल्याच घरात भाकरी थापत असतात. मला हे कळायला सतरा वर्षं लागली.

मग ठरल्याप्रमाणं झालं. मामा सतरंजीच्या आड, जाणती चार माणसं आणि दादा लिंबाच्या बुडाशी, आणि मी मायच्या शेजारी रिकामी घागर धरून. आत्यानं कडवं म्हटलं. मग तेच पुन्हा म्हटलं, आणि "मला काय तबकडी समजता का रे?" असं माईकवरच म्हणाली, तेव्हा जरा हशा झाला. मी आत्याकडं बघतच नव्हते. मायही नव्हती. आमच्या दोघींची नजर दादांच्या उजव्या पायावर होती. ते डोळे मिटून बसले होते. पहिल्या वेळी आत्याच्या आवाजाबरोबर अंगठा हलायला लागला. हळू, मग जोरात, चपलेच्या अंगठ्यातून सुटून गेला. दुसऱ्या वेळी तो मेल्यासारखा पडून होता. मी मायचा हात दाबला. जिंकलो!

गुरुजी म्हणाले, पहिला. सोनाबाई सुईण म्हणाली, "पयल्यात शेवंताचा दम घेतलेला ऐकू आला मला. पयला." निवृत्त हवालदार म्हणाले, "मला पयला ऐकूच आला न्हाई. दुसरा जरा आला. दुसरा." अध्यक्ष म्हणाले, दुसरा स्टेशनापर्यंत जाईल. झाले दोन-दोन. सगळे दादांकडं वळले. दादांनी डोळे उघडले. त्यांनी आधी मायकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या घागरीकडं, मग कांबेच्या बुडाशी वाळत चाललेल्या मातीकडं. आणि म्हणाले, "दुसरा."

मामानं सतरंजी ओढली. पहिला आमचा होता. मग जो हशा पिकला तो विचारू नका. हवालदारालासुद्धा तो ऐकू आला. "झोपेत वळखता न्हवं? जागेपनी काय झालं?" पोरं दादांच्या मागं घूं घूं करत घरापर्यंत आली. वाटेत माय एवढंच म्हणाली, "कान गेला वाटतं तुमचा." दादा म्हणाले, "व्हय. वय झालं." चाळिशीचा माणूस! दुपारपर्यंत शेजारच्या सात-आठ घरांतून एकेक तांब्या आला आणि कोपऱ्यातली घागर गळ्यापर्यंत भरली. प्रत्येकीनं तांब्या ओतताना मायला चिडवलं, की सेट पितो ते पानी हेच का गं. सोमवारी दादा मामाबरोबर अर्ज द्यायला गेले.

मी दादांशी बोलणं टाकलं. चार दिवस. त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं?" मी म्हटलं, "सातशे अकरा." "यशे, पकड कुठं हाय?" "सातशे बारा!" मायला हसू आवरायचं नाही. चौथ्या दिवशी दादा माझ्यासमोर येऊन बसले, उकिडवे, त्या दिवशी बसले होते तसे. मी आकडा म्हणायच्या आधीच म्हणाले, "तू अंगठा बघितलास. मला ठाव हाय, तुमी दोघी बघता." ते म्हणाले, "तुज्या मायला मी हारायला पायजे हुतो. तरी तिनं घागर ओतली. प्यायची. आता ह्याच्याम्होरं मी काय जिंकू, सांग? आनखी किती घागरी ओतून घेऊ तिच्याकडनं?" राग होता तो होताच, पण त्याच्या बुडाशी कुठंतरी ओल लागली. मी म्हटलं, "भरलं." दादांनी नाक पुसलं आणि मला पकड शोधायला सांगितलं.

पाटी काही रंगली नाही. वायरमनच्या पहिल्या पगारातून दादांनी माझा आयटीआयचा फॉर्म भरला, आणि वर्गात मी एकटी मुलगी. नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, तक्रार न करता, आणि रविवारी हातच्या सेटवर गाणी ऐकली. माय आयुष्यभर पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना सवताचा सेट वळखू येत न्हाई." दादा हसायचे. आणि ती हे सांगताना त्यांच्या ताटात भाकरीचा पापुद्रा सुटलेला चांगला भाग वाढायची, हे मी कित्येकदा बघितलंय. दोघांना सगळं ठाऊक होतं, आणि दोघांनी एकमेकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुमेधला आणि प्रज्ञाला मी ही गोष्ट लग्नानंतर कधीतरी सांगितली होती. तेव्हा सुमेध मोबाइल बघत होता. प्रज्ञा ऐकत होती.

तर गेल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी मीठ टाकलं आणि बादली ओतली. आमच्या लातूरला उन्हाळ्यात बादलीभर पाणी अजूनही उगाच ओतवत नाही, हात आखडतो. आत येईपर्यंत घूं थांबलेलं होतं. सुमेधनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चेटूक केलं. मग त्यानं गाणं लावलं, एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज, आणि मी खुर्चीत बसून डोळे मिटले. कडव्याच्या मध्ये त्या बाईनं श्वास घेतला. तो ऐकू आला. ज्यानं कुणी हे वेढे घातलेत, त्याला मधे कुणी मीठ कुठं ठेवलं म्हणून विचारलेलं नाही, एवढं मला कळलं.

गाणं संपलं. दोघंही माझ्या निकालाची वाट बघत होते. सुमेधचं तोंड परीक्षेला बसलेल्या पोरासारखं, आणि प्रज्ञाला ती गाडी हवी होती, तिचंही काही चुकत नव्हतं. बिचारी रोज त्या खटाऱ्यातून ऑफिसला जाते. मी तिच्याकडं बघितलं, दादांची आठवण आली, आणि घसा साफ करून म्हणाले, "बरा आहे. पण एवढी किंमत? छे. बाजारचा चालला असता."

सुमेधनं मान खाली घातली. प्रज्ञा जमिनीकडं बघत होती, माझ्या खुर्चीच्या बुडाशी. मी हळूच साडीचा काठ पुढं ओढला.

"आई," ती म्हणाली, "पाय बाहेर काढा."